घटस्थापनेआधी गाडीचे ब्रेक तपासा : शिरपूर तालुक्यातील वाहनधारकांना कळकळीचे आवाहन



नवरात्र तोंडावर आले आहे. थोड्याच दिवसांत खान्देशातल्या गावागावांतून जीपगाड्या, पिकअप आणि छोटे हत्ती माणसांनी भरून सातपुड्याच्या वाटेला लागतील. बिजासन मातेच्या दर्शनाला गेलेली कुटुंबे घाटरस्त्याने रात्री-अपरात्री घरी परततील. दसरा झाला की कापसाच्या ट्रॉल्या जिनिंगच्या रांगेत उभ्या राहतील. पाड्यांवरचे मजूर मुलाबाळांसह ऊसतोडीला निघतील. यातल्या कितीतरी गाड्या दहा, पंधरा, वीस वर्षांच्या आहेत आणि गेले चार महिने त्या पावसात, चिखलात, फरशीवरून वाहणाऱ्या पाण्यात चालल्या आहेत. म्हणून आजच सांगतो आहे, दिवाळीपर्यंत थांबू नका. गाडीचे ब्रेक याच आठवड्यात तपासून घ्या.

४ जुलै २०२३ चा मंगळवार आपल्या तालुक्याला विसरता येणार नाही. सकाळी अकराच्या सुमारास मुंबई–आग्रा महामार्गावर पळासनेरजवळ, मध्य प्रदेशातून धुळ्याकडे येणाऱ्या कंटेनरचे ब्रेक निकामी झाले. त्याने दोन मोटारसायकली, एक मोटार आणि दुसऱ्या एका कंटेनरला मागून धडक दिली, आणि रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसून तो उलटला. किमान दहा माणसे गेली, वीसहून अधिक जखमी झाली. थांब्यावर बसची वाट पाहत उभी असलेली माणसेही त्यात सापडली. त्यांनी ती गाडी कधी पाहिलेली नव्हती, तिचा मालक कोण हे त्यांना ठाऊक नव्हते. ब्रेकची हयगय करणारा एकटा स्वतःचा जीव धोक्यात घालत नाही. उताराच्या शेवटी जे कोणी उभे असेल त्याचा जीव तो पणाला लावतो, आणि सातपुड्याच्या उताराच्या शेवटी आपली गावे आहेत.

अशा अपघातानंतर एकच वाक्य ऐकू येते, ‘ब्रेक अचानक फेल झाले’. मी आयुष्यभर गाड्यांखाली झोपून काम केलेला माणूस आहे. माझे ठाम मत आहे की जुन्या गाडीचा ब्रेक सहसा अचानक जात नाही. तो आधी आठ-पंधरा दिवस, कधी महिनाभर, पायाला, कानाला आणि नाकाला सांगत असतो. ऐकणारा म्हणतो, ‘चालस, काय व्हस!’ आणि गाडी पुढे काढतो. ही सांगणी ओळखायला मिस्त्री असावे लागत नाही. त्यातली मुख्य इथे देतो, गाडीजवळ जाऊन एकेक पडताळून पाहा.

जीप, पिकअप, छोटा हत्ती, मोटार अशा ब्रेक ऑईलवर चालणाऱ्या गाड्यांपासून सुरुवात करू. सकाळी गाडी काढण्याआधी खाली वाकून चारही चाकांच्या आतल्या बाजूला बघा. टायरच्या आतल्या भिंतीवर ओला, तेलकट ओघळ दिसला तर त्या चाकाचा व्हील सिलिंडर गळतो आहे. मग बोनेट उघडून ब्रेक ऑईलची बाटली बघा. पातळी खाली गेली असेल तर नुसते ऑईल भरून बोनेट लावू नका. ऑईल आपोआप उडून जात नाही. एक तर कुठे गळती आहे, किंवा पॅड झिजून पिस्टन बाहेर आले आहेत. दोन्हींत गाडी मिस्त्रीकडे न्यावीच लागते. मास्टर सिलिंडर गळत असेल तर काही गाड्यांत ते ऑईल बूस्टरमध्ये जाते आणि जमिनीवर थेंबही पडत नाही, म्हणून जमीन कोरडी असली तरी निश्चिंत होऊ नका.

आता सीटवर बसा. इंजिन सुरू करा आणि ब्रेकचे पेडल दाबून अर्धा मिनिट तसेच धरा. पाय हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडरच्या आतले रबर झिजले आहे किंवा कुठेतरी गळती आहे. पहिल्या दाबाला पेडल खोल जाते आणि दोन-तीनदा मारल्यावर वर येते, हे जुन्या जीपगाड्यांत इतके नेहमीचे आहे की ड्रायव्हर त्याला गाडीचा स्वभाव समजतात. तो स्वभाव नाही. लाईनमध्ये हवा शिरली आहे, नाहीतर ब्रेक शू झिजून ड्रमपासून लांब गेले आहेत. समोर अचानक मूल आले तर पेडल दोन-तीनदा मारायला वेळ कुठून आणणार? ताशी साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते.

पेडल लाकडासारखे घट्ट लागत असेल तर बूस्टर तपासा. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली सरकले तर बूस्टर काम करतो आहे. जागचे हलले नाही तर बूस्टर, व्हॅक्यूम पंप किंवा त्याची रबरी नळी यांत दोष आहे.

गाडी चालताना ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढत असेल तर आधी दोन्ही टायरांची हवा सारखी आहे का बघा, कारण बिचारा ब्रेक कधी कधी निर्दोष असतो. हवा सारखी असेल तर एका बाजूच्या लायनरला ऑईल लागले आहे, कॅलिपर अडकला आहे, किंवा जुना रबरी होज पाईप आतून फुगून बंद झाला आहे. हा फुगलेला पाईप फार फसवा असतो. बाहेरून धडधाकट दिसतो, आत ऑईल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही, आणि चाक बांधल्यासारखे राहते. दहा-वीस किलोमीटर चालवून, फारसा ब्रेक न मारता थांबलात की प्रत्येक चाकाजवळ हात न्या. रिमला हात लावू नका, नुसता जवळ न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागत असेल किंवा जळका वास येत असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही. पेडलला थरथर येणे म्हणजे डिस्क किंवा ड्रम वाकडा झिजला आहे. किर्रर्र आवाज म्हणजे पॅड संपत आले, आणि लोखंडावर लोखंड घासल्याची खरखर म्हणजे ते संपलेच. खरखर ऐकल्यावर ती गाडी घाटात नेऊ नये, एवढे पुरे.

ब्रेक ऑईलबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त हयगय याचीच होते. हे ऑईल हवेतले पाणी शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे नवे ऑईल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे मानक आहे. तेच ऑईल जुने होऊन त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की १४० अंशांनाही उकळू शकते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाट उतरताना सतत ब्रेक लागला की चाकाजवळची उष्णता ऑईलपर्यंत पोहोचते, ऑईल उकळते आणि त्याची वाफ होते. ऑईल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल एकदम तळाला जाते आणि गाडी थांबत नाही.

पुढे जे घडते ते आणखी धोक्याचे आहे. गाडी कशीबशी थांबली, अर्धा तास उभी राहिली की वाफेचे पुन्हा ऑईल होते आणि पेडल पहिल्यासारखे लागते. ड्रायव्हर म्हणतो, ‘झाले बरोबर.’ गॅरेजला नेली तरी दोष दिसत नाही. दोष मात्र जागच्या जागी असतो आणि पुढच्या उताराची वाट बघतो. घाटात एकदा जरी पेडल मऊ पडले असेल, तरी सगळे ऑईल काढून नवे भरा आणि चारही चाकांच्या ब्रेक लाईनमधली हवा काढून घ्या. एरवीही दोन वर्षांनी ऑईल बदललेच पाहिजे. बाटलीवर जी प्रत लिहिली आहे तीच भरा. इंजिन ऑईल, हायड्रॉलिक ऑईल किंवा हाताला लागेल ते भरू नका, त्याने आतली रबरे फुगतात आणि सगळी ब्रेक लाईन निकामी होते.

उतारावरच दुसरा एक प्रकार होतो. पेडल कडक असते, पूर्ण दाब लागतो, तरी गाडी पकडत नाही. तिथे ऑईलचा दोष नसतो. लायनर तापून जळलेले असतात, त्यांच्यावर काचेसारखी चकाकी आलेली असते. पेडल मऊ होते की कडक, एवढे ड्रायव्हरने मिस्त्रीला नेमके सांगितले तरी अर्धे निदान होते. ‘ब्रेक लागत नाही’ एवढ्यावर थांबू नका.

ट्रक, कंटेनर आणि बसवाल्या दादांनो, तुमचा ब्रेक हवेवर चालतो, तुमची तपासणी वेगळी. टाकीत हवा पूर्ण भरू द्या, चाकांना दगड लावा, इंजिन बंद करा, हँडब्रेक सोडा आणि पेडल एक मिनिट दाबून काट्याकडे बघा. काटा पहिल्या दाबाला थोडा उतरून स्थिर राहिला पाहिजे. उतरतच राहिला तर गळती आहे. टाकीच्या खालचा कॉक रोज उघडून पाणी काढा. स्लॅक ॲडजस्टर नीट बसवलेला आहे का, हे मालकाच्या सवडीवर सोडू नका. ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून लांब जातो, त्यामुळे सपाटीवर कसाबसा पुरणारा ब्रेक घाटाच्या मध्यावर अपुरा पडतो. हँडब्रेकच्या चेंबरमधली स्प्रिंग हवा गेल्यावर आपोआप चाक धरते, तुमचा शेवटचा आधार तीच. बंद पडलेली गाडी हलवण्यासाठी ती स्प्रिंग बोल्ट कसून बांधतात आणि मग बोल्ट तसाच राहतो. अशी गाडी तुमच्याकडे आली असेल तर आजच तो बोल्ट सोडवून घ्या.

डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल मारणे थांबवा. हात जोडून सांगतो. पुण्यात नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांना ठोकरले. आधी ब्रेक फेल म्हटले गेले, पण प्राथमिक तपासात पोलिसांना आढळले ते वेगळेच : चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते. इंजिन बंद झाले की कॉम्प्रेसर हवा बनवत नाही आणि स्टिअरिंग जड होते, न्यूट्रल मारले की इंजिनाचा रोध संपतो. सगळा भार एकट्या लायनरवर येतो. हिशेब करून बघा. चाळीस टन वजनाची गाडी शंभर मीटर उंची उतरते तेव्हा सव्वाशे लिटरहून अधिक पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता कुठेतरी जावी लागते. इंजिनाने वाटा उचलला नाही तर ती सगळी ड्रममध्ये जाते. जुने ड्रायव्हर सांगत, ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. आजच्या गाड्यांना त्याहूनही खालचा गिअर लागू शकतो. माथ्यावर थांबा, गिअर तिथेच घाला, आणि पाय ब्रेकवर टेकवून ठेवू नका. वेग वाढला की ठाम दाबा, कमी झाला की सोडा. चाकातून धूर आला तर थांबा, पण पाणी ओतू नका, तापलेला ड्रम तडकतो. चाकाला लावलेला दगड निघताना रस्त्यातून बाजूला टाका. रात्री त्याच दगडावर मोटारसायकलवाला पडतो.

ट्रॅक्टरवाल्या भाऊंनो, शेतात डावे-उजवे ब्रेक वेगळे वापरता, पण डांबरी रस्त्यावर येताना दोन्ही पेडलांची कडी लावलीच पाहिजे. वेगात एकच ब्रेक दाबला गेला तर ट्रॅक्टर फिरतो आणि ट्रॉली त्याच्यावर येते. दोन्ही ब्रेक सारखे लागतात का, हे मोकळ्या शेतरस्त्यावर हळू चालवून पाहा. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, सगळे ओझे ट्रॅक्टरने थांबवायचे असते. ट्रॉलीत माणसे बसवू नका, एवढे ऐकलेत तरी पुष्कळ झाले.

मोटारसायकलच्या बाबतीत एकच मोठी चूक दिसते. पुढचा ब्रेक मारला की गाडी घसरते, या भीतीने कित्येक जण तो ढिला करून ठेवतात. गाडी थांबवण्याचे जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. मागचा शू संपला की नाही हे ड्रमवरच्या बाणाच्या खुणेवरून कळते, आणि केबलचा एक जरी धागा तुटलेला दिसला तर केबल बदला. पाण्यातून गाडी काढल्यावर थोडे अंतर हलका ब्रेक धरून चालवा, शू कोरडे होतात.

गॅरेजवाल्या बांधवांनो, तुमच्याकडे माझी खास विनंती आहे. एका चाकाचा सिलिंडर गळतो म्हणून त्याचा पाईप ठोकून बंद करायचा आणि गाडी तीन ब्रेकवर सोडायची, हे काम करू नका, मालकाने गळ घातली तरी करू नका. ऑईल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवू नका. एका बाजूचा लायनर बदलला की दुसऱ्या बाजूचाही बदला. काढलेला जुना भाग मालकाच्या हातात द्या आणि त्याला शेजारी बसवून गाडी चालवून दाखवा. ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, ती तुमच्याच छातीत जाते, ओल्या फडक्याने पुसा. घटस्थापनेआधी एक दिवस ब्रेक मोफत बघून देण्याचा फलक तुमच्यापैकी चार-पाच जणांनी लावला, तर तालुका तुमचा ऋणी राहील.

मालकांनो, कागद पूर्ण आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. आठ वर्षांवरील व्यावसायिक वाहनाला दरवर्षी फिटनेस घ्यावे लागते, खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. पीयूसी धूर बघते, ब्रेक बघत नाही. दोन तपासण्यांच्या मध्ये जे दिवस जातात त्यांची जबाबदारी तुमची आहे. ड्रायव्हर म्हणाला की ब्रेक खोल जातो, तर त्याला फेरी पूर्ण करायला लावू नका. एका फेरीच्या भाड्यात कुणाचा जीव बसत नाही.

परिवहन विभाग, महामार्ग प्राधिकरण आणि पोलिसांकडे आमची मागणी आहे की सणाच्या दिवसांत घाट उतरण्याआधी अवजड गाड्यांना सक्तीने थांबवून ब्रेक तपासावेत आणि चाके थंड होऊ द्यावीत. उतारावर जिथे वाळूची आपत्कालीन मार्गिका नाही तिथे ती करावी. उताराच्या टोकाशी असलेले बसथांबे, टपऱ्या आणि हॉटेले महामार्गाच्या कडेपासून आत हलवावीत. पळासनेरनंतर यासाठी आणखी कोणते कारण हवे?

एवढे करूनही ब्रेक गेलाच तर घाबरून किल्ली बंद करू नका. एकेक गिअर खाली आणा. ऑईल ब्रेकच्या गाडीत पेडल भराभर मारा आणि हँडब्रेक हळूहळू ओढा, एकदम ओढलात तर गाडी फिरते. हॉर्न आणि लाईट चालू ठेवा, दरीकडे नव्हे तर डोंगराच्या बाजूला गाडी घासवा. अपघात दिसला तर ११२ किंवा १०८ ला फोन करा, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आहे. जखमीला मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच संरक्षण दिले आहे. पोलिसांच्या भीतीने मागे सरू नका.

आणि प्रवासी माय-बहिणींनो, शाळेच्या रिक्षात मुले बसवणाऱ्या पालकांनो, गाडीत बसण्याआधी ड्रायव्हरला सरळ विचारा, ‘दादा, ब्रेक कधी दाखवले?’ जळका वास आला, खरखर ऐकू आली, ड्रायव्हर पेडल पुन्हा पुन्हा मारताना दिसला, तर गाडी थांबवायला सांगा आणि खाली उतरा. कुणी नावे ठेवील म्हणून गप्प बसू नका. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी उद्या सकाळी अर्धा तास काढून वर सांगितलेले एकेक करून पाहावे, आणि एकही खूण जुळली तर दुरुस्ती होईपर्यंत त्या गाडीत कुणालाही बसवू नये.